नव्या लॅपटॉपवर जुना मोस्ट वॉन्टेड रखडायलाय

पत्र आलंय सेलू तालुक्यातून, जिल्हा परिषदेच्या शाळेवरच्या एका गुरुजींचं. थोडं आखडून देतो:

"दादा नमस्कार. कॉलेजला परभणीत होतो तवा कॅफेत बसून नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड ही गाड्यांची रेस लई खेळलोय. आता दिवाळीत लॅपटॉप घेतला, आय-फाइव्ह बारावी पिढी, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० कार्ड, विंडोज ११. मित्राकडून पेनड्राइव्हमधी जुना गेम आणून टाकला तर सारखं गेममधलं स्पीडब्रेकर (वेळ मंद करणारी कळ) दाबून धरल्यावानी चालायलंय. पहिल्यापासूनच, मेन्यूत गाडी फिरती तिथंसुद्धा अडकायलंय. लाईट गेल्यावर तर विचारूच नका. कम्पॅटिबिलिटीत जुनं विंडोज एक्सपी करून पाहिलं, फरक नाही. दुकानदार म्हणतो रॅम ३२ करा. पोरगं हसायलंय, म्हणतंय पप्पा तुमच्या लॅपटॉपपेक्षा माझ्या मोबाईलवर गेम भारी पळतेत. काय करू?"

गुरुजी, पहिली गोष्ट म्हणजे रॅमचे पैसे देऊ नका. बाकी सगळं निवांत करू, पण हे आजच्या आज पक्कं करा. हा गेम २००५ च्या नोव्हेंबरातला, तवा त्याची मागणीच २५६ एमबी रॅमची होती, एमबी म्हणतोय, जीबी नाही. त्यात तो ३२ बिटचा, अन् ३२ बिटच्या प्रोग्रॅमला विंडोज मुळातच २ जीबीच्या वर मेमरी हाताळू देत नाही, जोपर्यंत त्या प्रोग्रॅममधी वेगळी सोय केलेली नसती. म्हणजे रांजण कितीबी मोठा आणा, ह्याचा तांब्या तेवढाच. १६ जीबीतलीच बरीचशी तुमची रिकामी पडलेली असणार, ३२ केली तर अजून जास्त रिकामी पडंल, एवढाच काय तो फरक.

आता खरं दुखणं. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात पण मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं, की पहिल्यापासूनच अडकायलंय, मेन्यूत सुद्धा. कारण स्लो स्लो म्हणून लोक मला पत्र लिहितेत पण कधी स्लो होतंय ते कुणी लिहीत नाही, अन् निदान सगळं त्या 'कधी'वरच असतंय. पंधरा-वीस मिनिटं मस्त चाललं अन् मग रखडलं तर ती उष्णता. चार्जर काढल्यावर रखडलं तर ते बॅटरीचं. दर पाच-सात सेकंदाला एक झटका बसून पुन्हा नीट चाललं तर मागं दुसरंच काहीतरी चालू आहे, अँटिव्हायरस म्हणा, अपडेट म्हणा, फाईली नेटवर चढवणारं वनड्राइव्ह म्हणा. अन् पहिल्या मिनिटापासून एकसारखं सुस्त असलं तर नव्वद टक्के वेळा गेम चुकीच्या चिपवर बसलेला असतो. नव्वद टक्के हा माझा अंदाज हां, कुठं मोजलेला नाही.

चुकीच्या चिपवर म्हणजे काय ते कॅफेच्याच उदाहरणानं सांगतो, तुम्ही तिथलेच आहात. परभणीत बसस्टँडजवळ माझं कॅफे होतं, आठ मशीन, त्यातल्या दोनालाच वेगळं ग्राफिक कार्ड, बाकीच्या सहाला बोर्डावरचंच. मोस्ट वॉन्टेड आला अन् पोरं त्या दोन मशीनसाठी शाळा सुटायच्या आधीपासून दारात उभी. तीन नंबर अन् सात नंबर. नवीन पोरगं आलं की मी त्याला पाच नंबरवर बसवायचो, ते बिचारं पोलीस मागं लागले की स्टिअरिंग दाबायचं अन् गाडी अर्ध्या सेकंदानं वळायची, तोवर भिंतीत, अन् मग ते माझ्याकडं असं बघायचं जसं काही मीच पोलिसाला टीप दिली. मशीन त्याच किमतीची दिसायची, तसाच पांढरा डबा, तसाच ढेरीवाला मॉनिटर. आतलं कार्ड तेवढं नव्हतं.

तुमच्या लॅपटॉपमधी ह्या दोन्ही जातीची मशीन एकाच डब्यात आहेत. एक इंटेलची चिप, प्रोसेसरच्या आतच असती, वीज कमी खाती, वर्ड-एक्सेल-यूट्यूब ती बघती. दुसरं एनव्हिडियाचं कार्ड, ते गरज पडली तरच जागं होतं. गरज पडली का नाही हे विंडोज अन् ड्रायव्हर ठरवतेत, अन् वीस वर्षांपूर्वीचा गेम बघून त्यांना वाटतं की हे काहीतरी बारकं-सारकं असंल, बसवा पाच नंबरवर.

बरं, नुसतं बसवलं असतं तरी चाललं असतं, आजची इंटेलची चिप २००५ च्या कार्डापेक्षा कितीतरी ताकदवान आहे. पण इथं एक मेख आहे जी दुकानदाराला बहुतेक माहीत नसती. हा गेम डायरेक्टएक्स नाइनच्या भाषेत बोलतो. इंटेलनं २०२२ मधी सांगून टाकलं की बाराव्या पिढीपासून आमच्या प्रोसेसरमधल्या चिपला ही भाषा थेट येणार नाही, मधी मायक्रोसॉफ्टचा दुभाष्या राहील, तो नाइनचं ट्वेल्व्हमधी करून देईल. आपल्याकडं निजामाच्या काळातले उर्दू-मोडीतले कागद असतेत ना, जमीन तुमचीच, कागदबी खरा, पण वाचणारा माणूस गाठून आणस्तोवर काम खोळंबतं, तसं. काही गेमला तो दुभाष्या बरा पडतो, काहीला अडखळतो. म्हणून अकराव्या पिढीच्या साध्या लॅपटॉपवर जे नीट चालतं ते बाराव्या पिढीच्या महागाच्या लॅपटॉपवर रखडू शकतं, अन् माणूस म्हणतो आपल्याला गंडवलं. गंडवलं नाही हो.

तुमच्याकडं एनव्हिडियाचं कार्ड आहे, म्हणजे तुम्हाला दुभाष्याची गरजच नाही. पण आधी खात्री करा, माझ्या शब्दावर जाऊ नका. गेम चालू करा, रेस सुरू होऊ द्या, मग अल्ट-टॅब करून बाहेर या अन् कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडंल. परफॉर्मन्समधी जा. डाव्या बाजूला खाली जीपीयू (म्हणजे चित्र काढणारी चिप) झिरो अन् जीपीयू वन असे दोन दिसतील, त्याच्या खालीच बारीक अक्षरात इंटेल अन् एनव्हिडिया लिहिलेलं असतं. आलेख बघा. गेम बाहेर आल्यावर थांबतो म्हणून शेवटचा भाग खाली गेलेला दिसंल, त्याच्या अलीकडचा डोंगर बघायचा. इंटेलच्या आलेखात डोंगर अन् एनव्हिडियाच्या आलेखात सपाट रेघ असली तर तुम्ही पाच नंबरवर आहात, विषय संपला.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, तिथं खाली ग्राफिक्स. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणं नावं जरा इकडंतिकडं असतेत पण ॲप जोडायचं किंवा ब्राउजचं बटण असतंच. ते दाबून गेमच्या फोल्डरात जायचं अन् स्पीड डॉट ईएक्सई नावाची फाईल निवडायची, मोस्ट वॉन्टेडची मूळ फाईल तीच आहे, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट निवडू नका. मग ऑप्शनमधी हाय परफॉर्मन्स करायचं, त्याच्या शेजारी एनव्हिडियाचं नाव दिसतं. सेव्ह. गेम पूर्ण बंद करून परत चालू करा, नुसतं मिनिमाइझ करून आलात तर जुन्याच चिपवर राहतो. आता परत आलेख बघा, डोंगर दुसऱ्या आलेखात गेला पाहिजे.

हे करताना अजून एक करा, विंडोजची खूण असलेली कळ अन् जी एकत्र दाबून गेम बार उघडा, त्यात परफॉर्मन्सची बारकी खिडकी असती, एफपीएस दिसायला एकदा परवानगी मागती, देऊन टाका. सेकंदाला किती चित्रं ते तिथं आकड्यात दिसतं. आधीचा आकडा वहीत लिहा, नंतरचा लिहा. "जरा बरं वाटायलंय" ह्याला काही अर्थ नाही, माणसाला पैसे खर्च केल्यावर सगळंच बरं वाटतं.

अन् एका वेळी एकच गोष्ट बदला. ही मी ठेच खाऊन शिकलेली गोष्ट आहे. मागच्या उन्हाळ्यात भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन आला, असाच जुना गेम रखडतोय म्हणून. मी आपला जुना खेळाडू, बसल्या बैठकीला ड्रायव्हर काढला, नवा टाकला, गेमच्या फोल्डरात दोन-तीन फाईली टाकल्या, विंडोजमधली चार बटणं बंद केली, दुपारची संध्याकाळ झाली, आता तर गेम उघडंच ना. रात्री चहा पिताना बहीण म्हणाली, अरे त्या बोर्डावरचा दिवा काहून लागला नाही. चार्जरची पिन एक्स्टेन्शन बोर्डात अर्धवट बसलेली, लॅपटॉप दुपारपासून बॅटरीवर. पिन दाबली. पण गेम माझ्या उपद्व्यापामुळं बंद पडलेला तो परत टाकावा लागला ते वेगळंच.

तेवढ्यासाठी तुमचं लाईटचं वाक्य. लाईट गेल्यावर जे होतं ते बिघाड नाही, लॅपटॉप तसाच बनवलेला आहे. बॅटरीवर आला की प्रोसेसर अन् कार्ड दोन्ही हात आखडतेत, अन् एनव्हिडियाची एक बॅटरी बूस्ट म्हणून सोय असती, ती चालू असली तर बॅटरीवर असताना गेम सेकंदाला ३० चित्रांवर बांधून ठेवती. ती एनव्हिडियाच्या ॲपमधून बंद करता येती पण मी म्हणतो करू नका, नाहीतर पाऊण तासात बॅटरी संपंल अन् उद्या शाळेत ऑनलाइन माहिती भरायची असंल तर पंचाईत. घरी इन्व्हर्टर असला अन् त्यावर चार्जर चालत असला तर लॅपटॉपला कळतच नाही लाईट गेली म्हणून, तवा खेळायचं तर त्याच्यावर खेळा. फक्त चार्जर कंपनीचा जाडजूड वीटवालाच पाहिजे. मोबाईलचा टाइप-सी चार्जर लावून बॅटरीचं चिन्ह चार्जिंग दाखवतंय म्हणून लोक खुश होतेत, पण तेवढ्या विजेत कार्ड पूर्ण ताकदीनं चालत नाही, काही लॅपटॉप तर सरळ खालच्या आवाजात "स्लो चार्जर" असं सांगतेत अन् आपण तो मेसेज फुलीवर टिचकी मारून घालवतो.

उष्णतेचं तुमच्या पत्रात नाही, पण उन्हाळा लागला की येईल म्हणून आताच सांगून ठेवतो. लॅपटॉप खालून हवा ओढतो. आपल्याकडं लोक तो वाकळेवर नाहीतर गादीवर ठेवून पालथं पडून खेळतेत, खालच्या जाळीला कापड चिकटतं अन् आतला पंखा नुसता कोकलतो. मे महिन्यात बाहेर ४२-४३, पत्र्याखाली त्याहून जास्त, त्यात ही वाकळ, मग चिप स्वतःला जाळून घेण्यापेक्षा वेग कमी करती, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतेत. लाकडी पाटावर ठेवा, मागची बाजू डब्यांच्या दोन झाकणांवर उचला, एवढं पुष्कळ झालं. कूलिंग पॅड घ्यायचाच असंल तर घ्या, पण पाट फुकट आहे. अन् वेचणीच्या दिवसात घरात कापूस भरलेला असला तर वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या, ते तूस आत जाऊन बसतं अन् नमदा तयार होतो, मी स्वतः चिमट्यानं काढलेत.

आता ज्यांच्याकडं एनव्हिडियाचं कार्डच नाही, नुसती बारावी पिढीची इंटेल चिप आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण हे पत्र वाचून तेबी विचारतील. आधी इंटेलच्या साइटवरून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर घ्या, २०२२ च्या शेवटापासून त्यांनी डायरेक्टएक्स नाइनवर बरंच काम केलंय. तरी रखडलं तर दुभाष्या बदला. डीएक्सव्हीके नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, ते ह्या जुन्या भाषेचं व्हल्कन नावाच्या दुसऱ्या भाषेत करून देतं. गिटहब साइटवर त्याच्या मूळ पानावरूनच उतरवायचं, सेव्हन-झिपनं उघडायचं, आत एक्स३२ अन् एक्स६४ असे दोन फोल्डर दिसतील. लॅपटॉप ६४ बिटचा म्हणून लोक एक्स६४ उचलतेत अन् तिथंच फसतेत, गेम ३२ बिटचा आहे, एक्स३२ मधली डी३डी९ डॉट डीएलएल घ्यायची अन् स्पीड डॉट ईएक्सईच्या शेजारी ठेवायची. बस. पहिल्या एक-दोन रेसला थोडे झटके बसतील, मग सुरळीत. नाही जमलं तर ती एक फाईल काढून टाकली की सगळं होतं तसं. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

गुरुजी, तुम्ही हे करू नका अजून, तुमचं काम चिप बदलूनच व्हावं. कम्पॅटिबिलिटीतलं एक्सपी तेवढं काढून टाका. ते गेम उघडत नसला तर कधीकधी उपयोगी पडतं, वेगासाठी त्याचा फारसा उपयोग मी तरी पाहिलेला नाही, उलट नंतर दुसरं काही बिघडलं तर हेच आडवं येतं.

प्रोसेसरबद्दल पोरगं विचारंल, की आठ कोअर आहेत तरी असं कसं. ज्या वर्षी हा गेम आला त्याच वर्षी घरगुती कॉम्प्युटरला दोन कोअरचे प्रोसेसर नुकते बाजारात यायला लागले होते, आपल्या कॅफेपर्यंत तर आलेच नव्हते. त्यामुळं असले गेम बहुतांश एकाच कोअरवर भार टाकतेत. गोठ्यात आठ बैल, गाडीला जुंपलेला एक. म्हणून टास्क मॅनेजरमधी प्रोसेसर पंधरा टक्केच दिसायलाय म्हणजे तो कामचुकारपणा करायलाय असं नाही.

कार्डावर गेला की उलटी तक्रार येऊ शकती, की आता लईच पळायलंय अन् पंखा विमानासारखा वाजायलाय. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन १४४ हर्ट्झची असणार, गेम बिनकामाची शेकडो चित्रं काढत बसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधी स्पीड डॉट ईएक्सईसाठी मॅक्स फ्रेम रेट ६० करून टाका. जुन्या गेमला जास्त वेग मानवत नाही, हे लक्षात असू द्या. जीटीए सॅन अँड्रियास गेम आठवतो का, त्यात फ्रेम लिमिटर म्हणून एक पर्याय होता, तो चालू असला की गेम २५ च्या आसपास चालायचा, म्हणून पोरं हुशारी करून बंद करायची, अन् मग गडी पाण्यात पडला की पोहायचाच नाही नीट, हातपाय मारतोय मारतोय अन् तिथल्या तिथंच. कॅफेत ह्यावरून भांडणं झालीत, मशीन खराब आहे पैसे परत द्या म्हणून. मला तवा कारण माहीत नव्हतं, मी माऊस बदलून द्यायचो.

गेममधल्या सेटिंगचं म्हणाल तर कार्डावर गेल्यावर सगळं वर करून ठेवा, फक्त मोशन ब्लर बंद करा, ते मला तेव्हाबी आवडलं नव्हतं. गाड्या चपट्या अन् रुंद दिसतील कारण गेमला आजची रुंद स्क्रीन माहीतच नाही, त्यासाठी वाइडस्क्रीन फिक्स म्हणून छोटी फाईल मिळती, पण ते नंतर, वेग सुधारल्यावर. अन् गेम बूस्टर, रॅम क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर असल्या नावाचं काहीबी टाकू नका. पेनड्राइव्हवरून आणलेला गेमबी एकदा विंडोज डिफेंडरनं तपासून घ्या, अन् तपासताना त्यानं काही पकडलं तर डिफेंडर बंद करू नका, तो फोल्डर काढून टाका. आज ऑनलाइन दुकानात मोस्ट वॉन्टेड नावानं जो दिसतो तो २०१२ चा वेगळाच गेम आहे, तुमचा खलनायक रेझर अन् तुमची बीएमडब्ल्यूची कथा त्यात नाही, चुकून विकत घेऊन मला शिव्या घालू नका.

सेव्ह केलेला गेम डॉक्युमेंट्समधी एनएफएस मोस्ट वॉन्टेड नावाच्या फोल्डरात असतो. नव्या लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स आपसूक वनड्राइव्हला जोडलेलं असतं, नेट कमी असंल तर खेळताना सिंक थांबवून ठेवा. त्या फोल्डराची एक कॉपी पेनड्राइव्हवर असू द्या. अन् गेम नीट पळायला लागला की पोरगं मागं लागणारच, हसणं विसरून, तवा त्याला पहिल्या स्क्रीनवरच वेगळ्या नावानं प्रोफाईल काढून द्या. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या धाकट्या भावानं ब्लॅकलिस्टमधी (एकेकाला हरवत जायची रेसरांची यादी) तीन नंबरपर्यंत आलेल्या प्रोफाईलवर नवीन गेम सुरू केला होता, त्या दोघांचं बोलणं पुढं किती दिवस बंद होतं मला माहीत आहे, कारण एक सकाळी यायचा अन् एक संध्याकाळी.